मिसिसिपी, १९६४ : विद्यार्थी-स्वयंसेवकाच्या अनुभवाचा अभ्यास कसा करावा

अमेरिकेतील वर्णसमतेच्या लढ्यावर प्रकल्प किंवा लघुप्रबंध करू पाहणारे आपल्याकडील विद्यार्थी बहुधा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणांपासून सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही. परंतु नेत्यांविषयी इतके लिहिले गेले आहे की नव्या अभ्यासकाला इतरांचेच म्हणणे पुन्हा मांडण्याखेरीज फारसे काही उरत नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात मतदार नोंदणीसाठी आणि शाळा चालवण्यासाठी गेलेल्या एखाद्या विद्यार्थी-स्वयंसेवकाचा अनुभव हा त्यापेक्षा अधिक हाताशी येणारा विषय आहे. या मोहिमेला ‘फ्रीडम समर’ म्हणतात. तिची कागदपत्रे विपुल आहेत, त्यातली बरीचशी घरबसल्या विनामूल्य वाचता येतात, आणि लिहिणारे बहुतेक जण वीस-एकवीस वर्षांचे असल्यामुळे आपल्या महाविद्यालयीन वाचकाला त्यांच्या मनाचा अंदाज पटकन येतो.

हा अंदाज पटकन येतो, हीच या विषयातली अडचणही आहे. पत्र लिहिणारा मुलगा किंवा मुलगी आपल्याला जवळची वाटू लागते आणि मिसिसिपी आपण तिच्याच डोळ्यांनी पाहू लागतो. स्वयंसेवकाचे पत्र हा आधी त्या स्वयंसेवकाविषयीचा पुरावा असतो आणि मिसिसिपीविषयीचा नंतर, ही गोष्ट अभ्यासाच्या पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी लागते. पुढे सांगितलेली सारी पद्धत या एका सावधगिरीतून आलेली आहे.

मोहिमेआधीची तीन वर्षे

जून १९६४ पासून वाचायला सुरुवात करू नये. किमान १९६१ पर्यंत मागे जावे, कारण स्वयंसेवक पोचले तेव्हा तिथे काम चालू होते आणि माणसे मरत होती. १९६२ साली मिसिसिपीतील मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी सात टक्क्यांहूनही कमी लोकांची नावे मतदार यादीत होती. कायद्याने बंदी नव्हती. अडथळा अर्जाच्या कागदात, कारकुनाच्या मर्जीत आणि मालकाच्या धमकीत होता. अर्जदाराला मिसिसिपी राज्याच्या स्वतःच्या घटनेतील २८५ कलमांपैकी कारकून सांगेल ते कलम उतरवून त्याचा अर्थ लिहावा लागे, आणि तो अर्थ ‘समाधानकारक’ आहे की नाही हे तोच कारकून ठरवी. शिवाय अर्जदाराचे नाव स्थानिक वर्तमानपत्रात दोन आठवडे छापले जाई, म्हणजे जमीनदाराला, सावकाराला आणि ज्यांना रात्री घरावर यायचे आहे त्यांनाही ते कळे.

या अर्जाची प्रत संग्रहांत मिळते. ती छापून घेऊन अभ्यासकाने स्वतः बसून भरून पाहावी. ही करमणूक नव्हे. कलमाचा अर्थ लिहिताना पेन कुठे अडते, हे अनुभवल्यानंतर नोंदणी कचेरीबाहेर तासन्‌तास उभ्या राहिलेल्या माणसांविषयीची वाक्ये वेगळ्या गांभीर्याने लिहिली जातात.

१९६१ च्या सप्टेंबरमध्ये अमिट काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) शेतकरी हर्बर्ट ली यांना राज्य विधिमंडळाच्या एका सदस्याने, ई. एच. हर्स्ट याने, दिवसाढवळ्या गोळी घातली आणि तो सुटला. त्या खुनाचे एक साक्षीदार लुई ॲलन यांची ३१ जानेवारी १९६४ रोजी हत्या झाली. देशाने या दोन्ही मृत्यूंची फारशी दखल घेतली नाही. विद्यार्थी अहिंसक समन्वय समितीचे, म्हणजे ज्या संघटनेला सगळे ‘स्निक’ म्हणत तिचे, मिसिसिपीतील प्रमुख कार्यकर्ते बॉब मोझेस यांनी बाहेरून विद्यार्थी आणण्याच्या बाजूने कौल दिला तो याच काळात. त्यामागचा हिशेब कडवट होता: उत्तरेकडच्या सुखवस्तू गोऱ्या घरांतली मुले मिसिसिपीत आली, तर देश मिसिसिपीकडे पाहील. स्थानिक कार्यकर्त्यांपैकी अनेकांना हे मान्य नव्हते. बाहेरची शिकलेली मुले आली की कचेरी तीच चालवू लागतील आणि नुकती उभी राहू लागलेली गावची तरुण मंडळी मागे सरतील, असे त्यांचे म्हणणे होते. उलट, सनफ्लॉवर काउंटीतील मळ्यावर काम केलेल्या आणि नोंदणीचा प्रयत्न केल्याबद्दल घरातून हाकलल्या गेलेल्या फॅनी लू हेमर यांचा गोऱ्या विद्यार्थ्यांना येऊ देण्याला पाठिंबा होता. या वादाची नोंद न घेता केलेला अभ्यास अपुराच राहतो, कारण स्वयंसेवकाच्या पत्रात पुढे जे अवघडलेपण दिसते त्याचे मूळ इथे आहे.

कोणता संग्रह कशासाठी उघडावा

मॅडिसन येथील विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीचा संग्रह सर्वांत मोठा आणि नवख्याला सर्वांत सोयीचा आहे. या संस्थेने १९६० च्या दशकाच्या मध्यावर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दक्षिणेत पाठवून कागद गोळा करवले, त्यामुळे एरवी केरात गेली असती अशी चिठोरीही तिथे आहेत. हॅटिसबर्ग येथील दक्षिण मिसिसिपी विद्यापीठाकडे मौखिक इतिहासाच्या मुलाखती आहेत आणि त्यांत स्थानिक लोकांचे प्रमाण चांगले आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने चित्रित केलेल्या मुलाखती ऐकता-पाहता येतात. ‘स्निक’च्या जुन्या कार्यकर्त्यांनी ड्यूक विद्यापीठाच्या सहकार्याने उभे केलेले डिजिटल दालन माणसे आणि गावे यांची ओळख करून घेण्यासाठी उत्तम आहे. मी तरी कोणालाही आधी तिथेच पाठवीन.

यांच्या जोडीला एक संग्रह विरुद्ध बाजूचा वाचावा. वर्णभेदाची व्यवस्था टिकवण्यासाठी मिसिसिपी राज्याने १९५६ मध्ये सार्वभौमत्व आयोग नावाची एक यंत्रणा स्थापन केली होती आणि तिचे एक मोठे काम हेरगिरीचे होते. तिची दप्तरे न्यायालयीन लढ्यानंतर १९९८ मध्ये खुली झाली. त्यांत स्वयंसेवकांची नावे, मोटारींचे क्रमांक, कोण कोणाच्या घरी उतरले आहे याच्या नोंदी सापडतात. त्या उन्हाळ्यात खून झालेले कार्यकर्ते मायकेल श्वर्नर यांच्या मोटारीची माहितीही या यंत्रणेने पुढे पोचवली होती. पत्रात एखादा स्वयंसेवक ‘आपल्यावर पाळत आहे असे वाटते’ असे लिहितो, तेव्हा तो भीतीचा भास होता की वस्तुस्थिती, हे कधी कधी याच दप्तरात तपासून पाहता येते. हा पुरावा मात्र खबऱ्यांनी आणि पगारी तपासनिसांनी लिहिलेला आहे. चारित्र्याविषयीची त्यांतली कुजबुज जशीच्या तशी उतरवून घेणे म्हणजे त्यांचेच काम पुढे चालवणे होय.

विषय बांधताना एक काउंटी निवडावी आणि शक्य तर दोन-तीन आठवडेच घ्यावेत. संपूर्ण उन्हाळा, साऱ्या मिसिसिपीचा, हा एका प्रकल्पात मावत नाही. ग्रीनवुड, मॅककोम, हॅटिसबर्ग, रूलव्हिल, मेरिडियन या ठिकाणांची कागदपत्रे भरपूर आहेत आणि प्रत्येक ठिकाणचा स्वभाव निराळा आहे. मॅककोममध्ये त्या उन्हाळ्यात एकामागून एक बाँब फुटले. हॅटिसबर्गमध्ये फ्रीडम स्कूलला, म्हणजे मोहिमेने चालवलेल्या शाळांना, अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक विद्यार्थी आले. दोन्हीकडच्या स्वयंसेवकांचा अनुभव एकाच सरासरीत बसवला की दोन्ही नाहीसे होतात.

आधी अर्ज, मग पत्र

बहुतेक अभ्यासक थेट पत्रांकडे धावतात. पत्रे रंगतदार असतात म्हणून तसे होते. माझा आग्रह असा की आधी त्या मोहिमेचा प्रवेश अर्ज वाचावा. अर्जात शिक्षण, कौशल्ये, पूर्वीची अटक, संघटनांचे सदस्यत्व यांची माहिती मागितलेली आहे, आणि ज्यांना आपल्या कामाची खबर द्यावी अशा किमान दहा व्यक्तींची नावेही मागितलेली आहेत. हा शेवटचा प्रश्न प्रसिद्धीच्या सोयीसाठी होता, पण पुढे तो संशोधनाच्या फार उपयोगी पडला. समाजशास्त्रज्ञ डग मॅकॅडम यांनी जे गेले त्यांचे आणि निवड होऊनही जे गेले नाहीत त्यांचे अर्ज शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही गटांच्या मतांमध्ये आणि ध्येयवादात विशेष फरक नव्हता. जे गेले त्यांच्या ओळखीत, विशेषतः जवळच्या मित्रांमध्ये, जाणारे इतर लोक अधिक होते. ‘अंतःकरणातील हाक ऐकून तो निघाला’ अशा वाक्याने प्रकरण सुरू करण्याचा मोह होईल तेव्हा हा निष्कर्ष आठवावा.

अर्जाबरोबरच पैशाच्या अटीही पाहाव्यात. अटक झाल्यास जामिनासाठी ५०० डॉलरची तजवीज प्रत्येकाने स्वतः करायची होती, उन्हाळाभराचा खर्चही स्वतःच करायचा होता, आणि एकवीस वर्षांखालील मुलांना पालकांची संमती लागत होती. १९६४ साली ही रक्कम लहान नव्हती. सुटीत नोकरी करून फी भरणारा विद्यार्थी, मग तो गोरा असो वा काळा, इथेच गळून पडत होता. एकूण सुमारे हजार स्वयंसेवकांत बहुतांश गोरे आणि नामांकित महाविद्यालयांतील का होते, याचे उत्तर मोझेस यांच्या हिशेबाइतकेच या अटींमध्येही आहे. मुलाखत घेणाऱ्यांना सूचना होत्या त्याही वाचनीय आहेत: स्थानिक नेतृत्वाखाली काम करण्याची तयारी आहे का हे पाहावे, आणि स्वतःच्या कल्पना लादायला किंवा नाव कमवायला निघालेल्याला घेऊ नये.

ऑक्सफर्डचे दोन आठवडे

प्रशिक्षण ओहायो राज्यातील ऑक्सफर्ड गावी, वेस्टर्न कॉलेज फॉर विमेन या संस्थेच्या आवारात झाले. मिसिसिपीतही ऑक्सफर्ड नावाचे गाव आहे. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ यांच्या विद्यापीठ प्रवेशावरून दंगल झाली ती तिथे. ही दोन गावे एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

प्रशिक्षणाचे दोन गट होते. १४ जूनपासूनच्या आठवड्यात मुख्यतः मतदार नोंदणीचे काम करणारे आणि २१ जूनपासूनच्या आठवड्यात फ्रीडम स्कूलमध्ये शिकवणारे. आपला स्वयंसेवक कोणत्या गटात होता हे आधी निश्चित करावे, कारण त्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. पहिल्या गटातील अँड्र्यू गुडमन हे २० जून रोजी मायकेल श्वर्नर आणि कृष्णवर्णीय कार्यकर्ते जेम्स चेनी यांच्यासोबत मेरिडियनला निघाले, आणि २१ जूनला तिघेही नेशोबा काउंटीतील जाळलेल्या माउंट झायन चर्चची चौकशी करून परतताना बेपत्ता झाले. ही बातमी ऑक्सफर्डच्या आवारात ऐकणारे स्वयंसेवक दुसऱ्या गटातले. त्यांना मोझेस यांनी सांगितले की ज्याला परत जायचे असेल त्याने जावे. चाळीस-पन्नास वर्षांनी दिलेल्या मुलाखतीत स्मृती या दोन आठवड्यांची सरमिसळ करू शकते. ऐकलेली गोष्ट पाहिलेली होऊन बसते. तेव्हा मुलाखतीतला प्रत्येक ऑक्सफर्ड-प्रसंग गटाच्या तारखांशी ताडून घ्यावा. तारीख जुळली नाही म्हणून सांगणारा खोटा ठरत नाही, मात्र तो प्रसंग आपण कोणत्या शब्दांत मांडायचा हे त्यावरून ठरते.

या आठवड्याविषयी दोन प्रकारचे कागद मिळतात आणि ते एकत्र वाचण्यात खरी गोडी आहे. एक म्हणजे सुरक्षेच्या सूचना. एकट्याने कुठेही जाऊ नये, रात्री तर मुळीच नाही. निघताना आणि पोचल्यावर कचेरीला फोन करावा. दिवा लागलेल्या खिडकीसमोर उभे राहू नये. मोटारीचे दार उघडताच आत उजेड पडू नये म्हणून छताचा बल्ब काढून ठेवावा. मार बसू लागला तर जमिनीवर अंग मुडपून डोके, मान आणि जांघ कशी झाकावी हेही गवतावर प्रत्यक्ष करून घेतले जाई. दुसरा प्रकार म्हणजे त्याच दिवसांत घरी लिहिलेली पत्रे, ज्यांत ही तालीम कधी गंमत म्हणून येते, कधी थरार म्हणून, आणि कधी तिचा उल्लेखच नसतो. सूचनेचा कागद सर्वांसाठी एकच होता. तो कोणी कसा पचवला, यात माणूस दिसतो.

प्रशिक्षणातला एक प्रसंग अभ्यासकाने अवश्य शोधून वाचावा. मिसिसिपीतील मतदानहक्कावरचा एक माहितीपट विद्यार्थ्यांना दाखवला गेला. त्यातला अवाढव्य देहाचा नोंदणी अधिकारी पडद्यावर बोलू लागताच पुष्कळ विद्यार्थी हसले. ज्यांनी त्या माणसाच्या कचेरीत स्वतः अपमान सोसला होता ते ‘स्निक’चे कार्यकर्ते संतापले, काही जण उठून बाहेर गेले, आणि त्या रात्री दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने बोलणे झाले. या हसण्याविषयी स्वयंसेवकाने काय लिहिले, लिहिलेच का, स्वतः हसला होता हे तो सांगतो का, की ‘काही जण हसले’ असे म्हणून बाजूला होतो, हे पाहावे. माझ्या मते त्या उन्हाळ्यातल्या गोऱ्या-काळ्या संबंधांचा नमुना या एका संध्याकाळी जितका स्पष्ट दिसतो तितका पुढच्या अनेक आठवड्यांच्या पत्रांत दिसत नाही.

न्याय विभागाचे जॉन डोअर यांनीही ऑक्सफर्डला येऊन केंद्र सरकार तुमचे संरक्षण करू शकणार नाही असे स्पष्ट सांगितले. विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली. पुढे ज्या स्वयंसेवकांचा सरकारवरचा विश्वास उडाला त्यांच्या आठवणीत डोअर यांचे हे बोलणे बऱ्याचदा येते, पण त्या आठवणींवर पुढच्या निराशेची छाया असते. त्या आठवड्यात लिहिलेले पत्र मिळाले तर त्याला अधिक वजन द्यावे.

पत्र कोणाला लिहिले आहे

पत्राचा मजकूर वाचण्याआधी पाकिटावरचा पत्ता वाचावा. आईवडिलांना लिहिलेल्या पत्रात भीती दडवलेली असते, मित्राला लिहिलेल्या पत्रात ती वाढवलेली असते, आणि गावच्या वर्तमानपत्रात छापले जावे अशा अपेक्षेने लिहिलेल्या पत्रात ती मांडलेली असते. अनेक पालकांनी आपापल्या शहरांत गट स्थापन केले होते आणि मुलांची पत्रे ते आपसांत फिरवत. हे माहीत असलेला मुलगा चौथ्या-पाचव्या पत्रापासून एका घरासाठी न लिहिता एका सभेसाठी लिहू लागतो. भाषेतला तो बदल टिपावा.

गुडमन यांनी २१ जूनला मेरिडियनहून आईवडिलांना पाठवलेले कार्ड याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. सुखरूप पोचलो, गाव छान आहे, हवा चांगली आहे, स्वागतही चांगले झाले, इतकेच त्यात आहे. ते लिहिले त्याच रात्री तिघांचा खून झाला. हे कार्ड वाचून मिसिसिपीविषयी काहीच कळत नाही. आईवडिलांना काळजी लागू नये अशी एका मुलाची धडपड मात्र कळते. पुरावा म्हणून त्याची किंमत तेवढीच आणि तितकीच मोठी आहे.

पत्राला लगेच दुसऱ्या कागदाची जोड द्यावी. जॅक्सन आणि ग्रीनवुड येथील कचेऱ्यांतून ठरावीक रकमेत हवे तितके दूरचे फोन करता येतील अशी टेलिफोन लाइन घेतलेली होती आणि तिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘वॅट्स’ म्हणत. गावातल्या विरोधी ऑपरेटरला टाळून बोलता येई हा तिचा मोठा फायदा. तिच्यावर आलेली प्रत्येक खबर, म्हणजे अटक, मारहाण, आग, न परतलेली मोटार, वेळेसह टंकलिखित केली जाई. ही दैनंदिन टिपणे आज वाचायला मिळतात. स्वयंसेवकाचे १० जुलैचे पत्र हाती घेतले की त्याच काउंटीची ८, ९ आणि १० जुलैची टिपणे शेजारी ठेवावीत. पत्रात ज्याचा उल्लेख नाही पण टिपणात आहे अशा गोष्टींची वेगळी यादी करावी. अनेकदा प्रबंधाचे सर्वांत चांगले प्रकरण त्या यादीतून निघते.

नोंदणीसाठी घरोघर फिरणाऱ्यांच्या पत्रांत एक प्रसंग वारंवार येतो आणि तो नीट वाचला जात नाही. ओसरीवर बसलेला साठीचा माणूस विशीतल्या गोऱ्या मुलाला ‘होय साहेब, नक्की येतो’ म्हणतो आणि कचेरीकडे फिरकत नाही. नवखा स्वयंसेवक याला उदासीनता म्हणतो. काही आठवड्यांनी तोच लिहितो की त्या ‘होय’मध्ये नकार होता, आणि गोऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणे तिथे परवडत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यामध्ये किती दिवस गेले, मध्ये काय घडले, त्याला हे कोणी समजावून दिले, याचा माग काढावा. त्या उन्हाळ्यात सुमारे १७,००० कृष्णवर्णीयांनी नोंदणीचा प्रयत्न केला आणि सुमारे १,६०० अर्ज स्वीकारले गेले, हा आकडा सगळे देतात. पण ओसरीवरून न उठलेल्या माणसांचा विचार त्या आकड्यात येत नाही.

फ्रीडम स्कूलच्या शिक्षकांची पत्रे तुलनेने आनंदी असतात. चाळीसच्या आसपास शाळा आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थी, चर्चच्या तळघरात किंवा झाडाखाली भरणारे वर्ग, आणि पाठांतराऐवजी प्रश्नांवर उभा असलेला अभ्यासक्रम: बहुसंख्याकांच्या संस्कृतीतले आपल्याला काय हवे आहे, काय नको आहे, आणि आपल्याजवळचे काय जपायचे आहे. या शाळांच्या विद्यार्थ्यांनी काढलेली सायक्लोस्टाइल वार्तापत्रे उपलब्ध आहेत. शिक्षकाचे पत्र वाचल्यावर त्याच शाळेचे वार्तापत्र वाचावे, म्हणजे वर्गातल्या दुसऱ्या बाकावरूनही तो वर्ग दिसतो.

यजमान, आणि गेल्यानंतरचे गाव

स्वयंसेवक ज्या घरी उतरला त्या घराचा शोध घेणे हा या पद्धतीतला सर्वांत कष्टाचा भाग आहे. पत्रात यजमानबाईचा उल्लेख पहिल्या नावाने किंवा नुसता ‘माझी इथली आई’ असा असतो. तिची नोकरी त्या उन्हाळ्यात गेली का, घराचे हप्ते कोणी थांबवले का, तिच्या मुलांचे पुढे काय झाले, हे पत्रात नसते, कारण मुक्काम ऑगस्टमध्ये संपतो. हॅटिसबर्गच्या मुलाखती, चर्चची इतिहासपत्रे, गोऱ्यांच्या अधिकृत डेमोक्रॅटिक पक्षाला पर्याय म्हणून उभ्या केलेल्या मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधींच्या याद्या यांत तो धागा कधी कधी सापडतो. होम्स काउंटीतील माइल्स्टन येथे स्वतःची जमीन असलेले कृष्णवर्णीय शेतकरी होते आणि ते रात्री बंदूक घेऊन राखण करत. त्यांच्यापैकी हार्टमन टर्नबो यांनी १९६३ मध्ये घरावर हल्ला करणाऱ्यांना गोळीने उत्तर दिले होते. अहिंसेची तालीम घेऊन आलेला विद्यार्थी अशा सशस्त्र राखणीत निर्धास्त झोपला, ही गोष्ट पत्रांत कशी येते किंवा येत नाही, हा एक स्वतंत्र प्रकल्प होऊ शकेल.

मृतदेहांच्या शोधाकडेही याच नजरेने पाहावे. चेनी, गुडमन आणि श्वर्नर यांचे मृतदेह ४ ऑगस्टला मातीच्या एका धरणाखाली सापडले. दरम्यान शोध घेणाऱ्यांना हेन्री डी आणि चार्ल्स मूर या दोन कृष्णवर्णीय तरुणांचे अवशेष सापडले होते; त्यांच्यासाठी कोणी नदी-नाले धुंडाळले नव्हते. श्वर्नर यांच्या पत्नी रीटा यांनी त्या दिवसांतच सांगितले होते की एकटे चेनी बेपत्ता झाले असते तर देशाने लक्ष दिले नसते. १९६७ मध्ये सात जणांना कट केल्याबद्दल शिक्षा झाली, खुनाबद्दल नव्हे; खुनांचा सूत्रधार एडगर रे किलन याला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवायला २१ जून २००५ उजाडले.

ऑगस्टच्या अखेरीस अटलांटिक सिटी येथील डेमोक्रॅटिक अधिवेशनात हेमर यांनी साक्ष दिली आणि फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्षाला प्रतिनिधींच्या केवळ दोन जागा देऊ केल्या गेल्या. पक्षाने त्या नाकारल्या. बहुतेक स्वयंसेवकांच्या आठवणी इथे संपतात किंवा इथून दुसरीकडे वळतात. मॅककोमहून परतलेले मारिओ सॅव्हिओ बर्कली येथील भाषणस्वातंत्र्याच्या आंदोलनाचे पुढारी झाले, आणि अशा वाटचालीवर लिहिणे सोपे असते कारण तिला कागद पुष्कळ आहेत. गावात मागे काय राहिले याकडे मात्र मुद्दाम वळावे लागते. मतदानहक्क कायदा ६ ऑगस्ट १९६५ रोजी झाला आणि १९६७ पर्यंत मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांची नोंदणी साठ टक्क्यांच्या जवळ गेली. त्या नोंदणीचे श्रेय उन्हाळी पाहुण्यांना देणारे वाक्य लिहून झाले असेल तर ते खोडावे.

नागपूरमार्गे

मराठी अभ्यासकाला या विषयात शिरण्यासाठी ओढूनताणून साम्य शोधण्याची गरज नाही, कारण एक सरळ वाट नागपूरहून जाते. कोरियन युद्धात लष्करी सेवा नाकारल्यामुळे तुरुंगवास भोगलेले जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ या काळात मेथडिस्ट मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. बसमधील वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी केलेल्या माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी डिसेंबर १९५५ मध्ये तिथल्याच ‘नागपूर टाइम्स’मध्ये वाचली. परतल्यावर त्यांनी नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांसाठी अहिंसेच्या कार्यशाळा घेतल्या. डायान नॅश, जॉन लुइस, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेट हे तिथे तयार झाले. ‘स्निक’च्या १९६० च्या उद्देशपत्राचा मसुदाही लॉसन यांचाच. शिव्या सोसण्याची, मार खाताना डोके झाकण्याची जी तालीम नॅशव्हिलच्या चर्चमध्ये झाली, तिचेच मोठे रूप १९६४ मध्ये ऑक्सफर्डच्या गवतावर दिसते. नागपुरातील विद्यार्थ्याने त्या तीन वर्षांतील स्थानिक वर्तमानपत्रे आणि महाविद्यालयाची वार्षिके चाळली तर त्याचा प्रकल्प अमेरिकेतल्या कोणालाही सहज न जमणारा होईल.

दुसरी वाट अलाबामातून मुंबईला येते. लाउन्ड्स काउंटीत ‘स्निक’च्या मदतीने उभ्या राहिलेल्या स्थानिक पक्षाचे चिन्ह काळा चित्ता होते, ते ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने १९६६ मध्ये घेतले, आणि १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदींनी मुंबईत दलित पँथर स्थापन करताना त्या पक्षाकडे पाहून नाव ठेवले. ही परंपरा तारखांनिशी दाखवता येते. मात्र तिच्या आधारे वर्ण आणि जात एकच अशी घाईची मांडणी करू नये. मिसिसिपीच्या यजमानबाईचे दुःख मराठवाड्यातल्या दुःखाचे उदाहरण म्हणून वापरले की दोन्हीचा तपशील पुसला जातो.

लिहायला बसताना

प्रकरणे स्वयंसेवकाच्या प्रवासानुसार पाडू नयेत. निवडलेल्या गावाच्या कालपटानुसार पाडावीत आणि स्वयंसेवक त्यात जिथे येतो तिथेच येऊ द्यावा. तो तिसऱ्या प्रकरणात आला तरी बिघडत नाही. उताऱ्याचा मराठी अनुवाद स्वतः करावा आणि मूळ पान क्रमांक, पेटी आणि फोल्डरसह नोंदवावा, कारण याच संग्रहातील कागद परीक्षकही उघडून पाहू शकतो. जिवंत व्यक्तींची खासगी पत्रे संग्रहात खुली असली तरी त्यातील आजार, प्रेमप्रकरणे किंवा घरातील भांडणे यांचा विषयाशी संबंध नसेल तर ती वगळावीत. लांब उतारे प्रसिद्ध करायचे असतील तर संग्रहालयाला लेखी विचारावे; पत्राचा कागद संस्थेकडे असला तरी मजकुराचा हक्क बहुधा लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतो, आणि परवानगीचे उत्तर यायला काही आठवडे लागतात हे धरूनच सादरीकरणाची तारीख ठरवावी.